पोथीची पुष्पिका आणि फाईलची ओळख

जुनी हस्तलिखित पोथी हाती आली की जाणकार माणूस ती पहिल्या पानापासून वाचायला बसत नाही. तो आधी शेवटचे पान उलटतो. ग्रंथ संपल्यावर लेखनिकाने तेथे बहुधा चार-दोन ओळी लिहिलेल्या असतात. ग्रंथाचे नाव, स्वतःचे नाव, गाव, शक, संवत्सर, महिना, तिथी, वार आणि कधी कधी पोथी कोणासाठी उतरवली तेही. पुष्कळदा शेवटी एक विनवणी असते, की ही पोथी तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून जपावी. या ओळींना पुष्पिका म्हणतात. पुष्पिका हा ग्रंथाचा मजकूर नव्हे. ती ग्रंथाविषयीची नोंद असते. पण ती नसली, तर पोथीचा काळ ठरवण्यासाठी कागद, शाई आणि अक्षराचे वळण यांवरून अंदाज बांधत बसावे लागते.

आता आजच्या एखाद्या शाळेतील संगणक डोळ्यांपुढे आणू. जुन्या जनरल रजिस्टरची पाने स्कॅन करून त्यात ठेवली आहेत. पाने स्वच्छ आली आहेत, अक्षरही वाचता येते. फाईलींची नावे मात्र 'स्कॅन ०००१' पासून 'स्कॅन ०८४६' पर्यंत. एखादा विद्यार्थी आजोबांच्या नोंदीचा उतारा मागायला आला, तर ती नोंद कोणत्या फाईलीत आहे हे सांगणारे काहीच नाही. जातपडताळणीसाठी असा उतारा लागतो आणि त्यावाचून प्रवेश अडून राहू शकतो. कागद जपला गेला, पण त्याची ओळख जपली गेली नाही.

दस्तऐवजाच्या या ओळखीला संगणकाच्या जगात 'मेटाडेटा' म्हणतात. मेटाडेटा म्हणजे माहितीविषयीची माहिती. अमेरिकन संगणकतज्ज्ञ फिलिप बॅगले यांनी १९६८ साली हा शब्द वापरला. शब्द नवा असला तरी काम फार जुने आहे. ही ओळख कोठे लिहायची, कोणी लिहायची आणि ती वाचणार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे काळानुसार कशी बदलत गेली, ते या लेखात आपण पाहणार आहोत.

आत की बाहेर?

ओळख लिहिण्याच्या दोन जागा आहेत. एक वस्तूच्या आत, जशी पुष्पिका. दुसरी वस्तूच्या बाहेर, म्हणजे यादीत.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात हजारो गुंडाळ्या होत्या. गुंडाळी उलगडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. म्हणून प्राचीन ग्रीक लोक गुंडाळीच्या टोकाला नावाची एक चिठ्ठी लोंबती ठेवत. पण चिठ्ठ्या वाचत कपाटाकपाटातून हिंडणार किती? कॅलिमाकस या कवी-पंडिताने लेखक आणि विषय यांनुसार एक मोठी सूची तयार केली. 'पिनाकेस' नावाची ही सूची १२० गुंडाळ्यांची होती असे सांगतात. आज ती उपलब्ध नाही. तिचे थोडे तुकडे आणि इतरांनी केलेले उल्लेख तेवढे उरले आहेत.

बाहेरच्या यादीचा फायदा उघड आहे. हजार ग्रंथांतून हवा तो एक शोधता येतो. तोटाही तितकाच उघड आहे. यादी एकीकडे आणि ग्रंथ दुसरीकडे गेला, की दोन्ही मुकी होतात. आतल्या नोंदीचे नेमके उलटे. ती ग्रंथाबरोबर प्रवास करते, पण ग्रंथ हाती आल्याशिवाय वाचता येत नाही. तिच्यात आणखी एक धोका असतो. पोथीवरून पोथी उतरवताना काही लेखनिक जुनी पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवत. मग नव्या प्रतीवर शंभर वर्षांपूर्वीचा शक दिसतो आणि अभ्यासकाची फसगत होते. ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण संगणकाच्या युगात ती पुन्हा भेटणार आहे.

छापखाना आल्यावर पुस्तके वाढली आणि सूचीचे काम मोठे झाले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ साली छापील सूचीकार्डे इतर ग्रंथालयांना विकायला सुरुवात केली. एका पुस्तकाचे वर्णन एकाच ठिकाणी काळजीपूर्वक करायचे आणि शेकडो ग्रंथालयांनी ते वापरायचे, ही कल्पना त्यामुळे रूढ झाली. मराठीपुरते बोलायचे तर शंकर गणेश दाते यांनी केलेली 'मराठी ग्रंथसूची' हे असेच काम. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या काळातील मराठी पुस्तकांची नोंद आहे. एखादे जुने मराठी पुस्तक खरोखर छापले गेले होते का, हे आजही अभ्यासक त्या सूचीत पाहतात.

येथे एका गणिताच्या शिक्षकाचा उल्लेख करायला हवा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे शि. रा. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. अभ्यासासाठी लंडनला गेले असताना त्यांनी एका दुकानात मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच थोड्या पट्ट्या आणि तेच नट-बोल्ट वेगवेगळ्या रीतीने जोडून निरनिराळ्या वस्तू होत होत्या. विषयाचेही असेच सुटे भाग करावेत आणि गरजेप्रमाणे जोडावेत, असे त्यांना सुचले. 'भारतातील भातावरील रोग' या पुस्तकाला एकच खण शोधण्याऐवजी पीक, रोग आणि देश असे तीन पैलू वेगवेगळे लिहून जोडायचे. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कोलन वर्गीकरणाचा हा पाया होता. वर्णनाचे सुटे भाग करण्याची ही दृष्टी संगणकाला फार सोयीची ठरणार होती.

कार्ड संगणकात शिरते

सूचीकार्ड माणसासाठी असते. वरची ओळ लेखकाची, खालची पुस्तकाची, हे आपल्याला मांडणीवरून कळते. संगणकाला कळत नाही. त्याच्या दृष्टीने 'तुकाराम' हे लेखकाचे नाव आहे, पुस्तकाचे आहे की विषयाचे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६५ साली हेन्रिएट अव्हराम रुजू झाल्या. त्या ग्रंथपाल नव्हत्या, संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या होत्या. कार्डावरील प्रत्येक तपशील सुटा करून त्याला क्रमांक देण्याची पद्धत त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. तिचे नाव 'मार्क'. यात मुख्य लेखकाला १००, शीर्षकाला २४५ आणि विषयाला ६५० असे क्रमांक आहेत. क्रमांकाला भाषा नसते. त्यामुळे पुस्तक मराठी असो की जपानी, २४५ म्हणजे शीर्षकच. नोंदीच्या आरंभी कोणता तपशील कितव्या अक्षरापासून सुरू होतो आणि किती लांब आहे याची एक छोटी अनुक्रमणिका असते. त्यामुळे संगणकाला हवा तो तपशील थेट उचलता येतो. १६ ग्रंथालयांना बरोबर घेऊन १९६६ ते १९६८ या काळात प्रयोग झाला आणि १९६९ पासून चुंबकीय फितींवर या नोंदी नियमित वाटल्या जाऊ लागल्या. १९७३ साली मार्कच्या मूळ बांधणीला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

सुरुवातीला या फितींचा एक मोठा उपयोग म्हणजे कार्डेच छापणे. पुढे शोधच संगणकावर होऊ लागला आणि कार्डे मागे पडली. ग्रंथालयांना कार्डे छापून देणाऱ्या ओसीएलसी या अमेरिकेतील संस्थेने आपली शेवटची कार्डे १ ऑक्टोबर २०१५ रोजी छापली.

मार्कची एक अडचण होती. ती नीट भरायला प्रशिक्षित माणूस लागतो. पुस्तके छापली जातात तोवर हे जमले. पण १९९० नंतर इंटरनेटवर जो तो मजकूर प्रसिद्ध करू लागला, तेव्हा इतके ग्रंथपाल आणायचे कोठून?

डब्लिनचे पंधरा रकाने

या प्रश्नावर विचार करण्यासाठी मार्च १९९५ मध्ये ५२ माणसे तीन दिवस एकत्र बसली. त्यांत ग्रंथपाल होते आणि संगणकतज्ज्ञही होते. ठिकाण होते डब्लिन. हे आयर्लंडचे डब्लिन नव्हे; अमेरिकेच्या ओहायो राज्यात ओसीएलसीचे मुख्यालय असलेले हे एक छोटे शहर आहे. ज्याने मजकूर लिहिला त्यालाच भरता येतील असे किमान रकाने कोणते, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आधी १३ रकाने ठरले, पुढे ते १५ झाले. शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहकर्ता, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, मूळ स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क. 'व्याप्ती' म्हणजे मजकूर कोणत्या स्थळाविषयी किंवा काळाविषयी आहे ते. यांपैकी कोणताही रकाना रिकामा ठेवता येतो आणि कोणताही पुन्हा पुन्हा भरता येतो. या संचाला 'डब्लिन कोअर' म्हणतात. २००३ साली तो आंतरराष्ट्रीय मानक झाला.

हे रकाने भरून घेणारी साधनेही तयार झाली. अमेरिकेतील एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००२ साली 'डीस्पेस' ही आज्ञावली खुली केली. फाईल चढवताना ती एकामागून एक रकाने पुढे ठेवते आणि भरून घेते. आपल्याकडील प्रबंधांचा 'शोधगंगा' हा संग्रह गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था याच आज्ञावलीच्या आधारे चालवते. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात 'ग्रीनस्टोन' तयार झाली. जेथे इंटरनेट पोहोचत नाही तेथे सीडीवरून ग्रंथालय नेता यावे, ही सोय तिच्यात होती. २००१ पासून एका संग्रहाने दुसऱ्याच्या नोंदी आपोआप गोळा करण्याचे नियमही ठरले. त्यांत प्रत्येक संग्रहाने निदान डब्लिन कोअरमध्ये नोंदी द्याव्यात अशी अट होती.

लेखकानेच ओळख लिहावी, या कल्पनेला लवकरच एक कडू अनुभव आला. वेबपानाच्या आत, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, विषयदर्शक शब्द लिहिण्याची सोय होती. शोधयंत्रे ते शब्द वाचत. मग पान वर दिसावे म्हणून लोक तेथे भलतेच लोकप्रिय शब्द भरू लागले. हळूहळू शोधयंत्रांनी त्या शब्दांवर विश्वास ठेवणे सोडले. वेबवरील शोधात क्रम लावताना हे शब्द आपण विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ साली जाहीरच केले. ओळख लिहिणाऱ्याला खोटे लिहिण्यात फायदा असेल आणि तपासणारा कोणी नसेल, तर ती ओळख टिकत नाही. ग्रंथालयाची सूची टिकली, कारण ग्रंथपालाला पुस्तक खपवायचे नसते.

पुष्पिका परत येते

दरम्यान दुसरीकडे आतली ओळख परत येत होती. १९९५ साली जपानमध्ये डिजिटल कॅमेऱ्यांसाठी 'एक्झिफ' हे मानक झाले. फोटो काढताच कॅमेरा दिनांक, वेळ, भिंगाची उघडीप आणि प्रकाश घेण्याचा कालावधी फाईलीच्या आतच लिहून ठेवतो. वृत्तसंस्थांनी त्याआधीच बातमीच्या छायाचित्राबरोबर मथळा, छायाचित्रकार आणि ठिकाण पाठवण्याची पद्धत ठरवली होती. २००१ साली अडोबी कंपनीने 'एक्सएमपी' आणले. यात ओळखीचे एक साधे, वाचता येण्याजोगे पाकीट फाईलीच्या पोटात ठेवले जाते. पाकिटाच्या दोन्ही टोकांना ठराविक खुणा असतात. त्यामुळे फाईलीची सगळी रचना न समजणाऱ्या साधनालाही ते पाकीट शोधता येते. आत रकाने कोणते? पुष्कळसे डब्लिनचेच. २००५ साली दीर्घकाळ जतन करायच्या पीडीएफसाठी वेगळे मानक झाले, तेव्हा असे पाकीट आत असणे सक्तीचे करण्यात आले.

ही पाकिटे उघडणारी आणि भरणारी साधनेही आली. २००३ सालापासून फिल हार्वे यांची 'एक्झिफटूल' ही विनामूल्य आज्ञावली उपलब्ध आहे. एका ओळीची आज्ञा देऊन शेकडो फोटोंवर एकदम गावाचे नाव किंवा छायाचित्रकाराचे नाव घालता येते.

पण पुष्पिकेबरोबर पुष्पिकेचे रोगही परत आले. शेवटच्या पानाअभावी पोथी निनावी होत असे. आज संदेशातून पाठवलेल्या फोटोचा आकार लहान करताना अनेक साधने आतली ओळख काढून टाकतात. जुनी पुष्पिका नव्या प्रतीवर उतरत असे. आज कोणी जुनी फाईल उघडून तिच्यात नवा मजकूर लिहिला, तर मूळ लेखकाचे नाव तसेच राहते. अनेक पीडीएफ फाईलींच्या शीर्षकाच्या रकान्यात 'मायक्रोसॉफ्ट वर्ड' आणि त्यापुढे मूळ फाईलीचे नाव एवढेच दिसते. ते कोणी लिहिलेले नसते, आज्ञावलीने आपणहून भरलेले असते. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावले असेल, तर एक्झिफ चुकीचीच तारीख इमानेइतबारे लिहितो. १९६२ सालचा फोटो आज स्कॅन केला, तर फाईलीवरचा दिनांक आजचा येतो. यंत्राला स्कॅन कधी झाले ते ठाऊक असते; फोटो कधीचा, ते नसते.

आतली ओळख नको ते सांगूनही टाकते. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकविषयीचा एक दस्तऐवज वर्डच्या फाईलीच्या रूपात प्रसिद्ध केला. तो कोणाकोणाच्या संगणकावर दुरुस्त होऊन साठवला गेला, त्याची नावांसह नोंद फाईलीत तशीच राहिली होती. ती लोकांनी उघडून वाचली. विद्यार्थ्यांचे फोटो प्रसिद्ध करताना हे आपणही ध्यानात ठेवायला हवे. मोबाईलवर काढलेल्या फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असू शकतात.

मराठीपुढचे पेच

मराठी दस्तऐवजांच्या बाबतीत आणखी काही अडचणी आहेत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती. पण आपल्याकडे पुढे अनेक वर्षे ठराविक फॉन्टवर बेतलेल्या पद्धतींनी मजकूर जुळवला जात राहिला. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर शीर्षकाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. शोध घेणाऱ्याला तो सापडणे शक्य नसते.

दुसरी अडचण नावांची. 'कुसुमाग्रज' आणि 'वि. वा. शिरवाडकर', 'केशवसुत' आणि 'कृष्णाजी केशव दामले' हे आपल्याला एक, यंत्राला दोन. त्यात नाव रोमन लिपीत लिहिले की 'व' साठी कोणी 'व्ही' लिहितो, कोणी 'डब्ल्यू'. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या योजनेत स्कॅन झालेल्या भारतीय भाषांतील पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत केल्या गेल्या आणि त्यांत स्पेलिंगाचे असे घोळ पुष्कळ आढळतात. पुस्तक संग्रहात असते, पण शोधणाऱ्याला ते नाही असेच वाटते. यावर उपाय एकच. नावाचे एक रूप प्रमाण ठरवायचे आणि बाकीची रूपे त्याला जोडून ठेवायची.

तिसरी अडचण शकाची. जुन्या मराठी पुस्तकावर 'शके १८१५' असे छापलेले असते. नोंद करणाऱ्याने दिनांकाच्या रकान्यात १८१५ एवढेच भरले, तर १८९३-९४ चे पुस्तक एका फटक्यात ७८ वर्षे मागे जाते आणि मराठी मुद्रणाच्या अगदी आरंभकाळात जाऊन बसते. साधन रकाना देते. त्यात काय लिहायचे ते शक आणि सन यांतला फरक जाणणाऱ्यानेच ठरवायचे असते.

वर्गात करून पाहण्यासारखे

आजची साधने फोटो पाहून 'मुले, झाड, इमारत' असे वर्णन आपणहून सुचवू लागली आहेत. ते उपयोगी आहे. पण ती मुले कोणत्या वर्षीच्या सातवीतली, झाड कोणी लावले, इमारत पुरापूर्वीची की नंतरची, हे फोटोत नसते. ते माणसांच्या आठवणीत असते, आणि माणसे निवृत्त होतात. म्हणून ओळख लिहिण्याची योग्य वेळ म्हणजे सांगणारा माणूस आहे तोवर.

आठवी-नववीच्या मुलांना शाळेच्या कपाटातील दहा जुने फोटो द्यावेत. प्रत्येक फोटोसाठी सात रकाने पुरेत. शीर्षक, कोणी काढला, दिनांक, ठिकाण, फोटोत कोण आहेत, ही माहिती कोणी सांगितली आणि फोटो वापरण्याचा हक्क कोणाचा. दिनांक नक्की नसेल तर 'अंदाजे १९७०' असे लिहावे. अंदाज अंदाज म्हणूनच नोंदवावा. माहितीसाठी मुलांनी जुन्या शिक्षकांकडे आणि शिपाईमामांकडे जावे. नंतर फोटो स्कॅन करून ही माहिती फाईलीच्या गुणधर्मात भरावी आणि तीच एका तक्त्यातही ठेवावी, म्हणजे आत पुष्पिका आणि बाहेर सूची अशी दोन्हींची सोय होते. मग फाईल एकमेकांना संदेशातून पाठवावी आणि पलीकडे काय काय शिल्लक उरले, ते मुलांनाच तपासू द्यावे. दोन गटांनी एकाच फोटोची वेगवेगळी नावे दिली असतील, तर कोणते ठेवायचे यावर वाद होईल. तो होऊ द्यावा. डब्लिनलाही तीन दिवस नेमके असल्याच गोष्टींचा खल चालला होता.